शहापूरच्या दुकानात गहाण पडलेलं मेडल

मेडलच्या कडेवर अक्षरं असतात हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. तीन पिढ्या चांदीचा धंदा केलेलं घर, खरं त्या एका वस्तूची कड कुणी भिंगातनं बघितलीच नव्हती.

दोन वर्षांपूर्वी काकांनी बेळगावातल्या शहापूरच्या खडेबाजारातलं आमचं जुनं दुकान बंद केलं, गुडघ्यामुळं बसवत नाही म्हणून, आणि आवराआवरीला मी आणि आई गेलो होतो. तिजोरीच्या खालच्या खणात एक पत्र्याची डबी निघाली, आत कापसात गुंडाळलेलं जुन्या रुपयापेक्षा मोठं असं चांदीचं काहीतरी. मला नाणंच वाटलं. एका बाजूला पंचम जॉर्ज राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडा माणूस आणि १९१४ आणि १९१८ असे आकडे. मी काकांना सहज म्हटलं, हे इतकी वर्षं मुशीत कसं गेलं नाही, चांदीचा भाव बघताय की कुठं पोचलाय. काका एकदम गंभीर झाले. "अगं ते गहाण आहे. मोडायचं नाही म्हणून आज्जांनी सांगितलेलं." आज्जांना त्यांच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या पणजोबांनी सांगितलेलं. कुणाचं गहाण तर बेळगावच्या कँपातल्या, म्हणजे लष्करी छावणीतल्या, एका गोऱ्या सोल्जरचं. एवढंच वाक्य हातातनं हातात आलेलं, पुढं मागं काही नाही.

घरी आणून तराजूत टाकलं तर पावणेतीन तोळे भरलं. मग भिंग घेऊन उजेडात कड फिरवत बसले आणि अक्षरं दिसायला लागली, बारीक, ठोकून काढलेली. आधी नंबर, मग पीटीई म्हणजे प्रायव्हेट, आपल्याकडचा साधा शिपाई, मग नावाचं पहिलं अक्षर आणि आडनाव, आणि शेवटी कॉन. रँग. हे शेवटचे अक्षरांचे दोन तुकडे म्हणजे कनॉट रेंजर्स, आयर्लंडच्या पश्चिमेकडची पलटण, गॉलवेजवळच्या रेनमोरला तिचा डेपो होता. त्याचं नाव मी इथं मुद्दाम लिहीत नाहीये, त्याच्या घरचं कुणी असेल तर आधी त्यांना कळलं पाहिजे असं मला वाटतं.

एक गोष्ट आत्ताच सांगते, तुमच्या घरी असं काही असलं तर रिठ्याच्या पाण्यात घालून ब्रशनं घासू नका. आम्ही चांदीवाले, आमचा हात आधी तिकडंच जातो, खरं कडेवरची अक्षरं इतकी उथळ असतात की दोनचार वेळा घासली की नंबरच जातो, आणि नंबर गेला की माणूस गेला. पहिल्या महायुद्धाची ही चांदीची मेडलं साठ लाखाच्या वर वाटली गेली, आणि १९८० ला जगभर चांदीचा भाव चढला तेव्हा त्यातली कितीतरी वितळवली गेली. सराफाकडं आलेलं मेडल कडेवर काय आहे ते न बघता मोडीत जायचं.

तर नंबर मिळाला. नंबर, नाव आणि पलटण ही तीन गोष्टी असल्या की लंडनजवळ क्यूला जे नॅशनल आर्काइव्हज आहे तिथल्या मेडल कार्डांत शोधता येतं, घरी बसून ऑनलाइन. एकेका शिपायाचं एक छोटं कार्ड, त्यावर त्याला कुठली मेडलं मिळाली ते आणि तो आधी कुठल्या युद्धभूमीवर उतरला ते. माझ्या माणसाच्या कार्डावर तीन मेडलं निघाली. एक १९१४-१५ चा स्टार, एक आमच्याकडचं चांदीचं आणि एक व्हिक्टरी मेडल. यातला स्टार आणि व्हिक्टरी दोन्ही ब्राँझचे. मला तेव्हा लगेच कळलं त्यानं आमच्या दुकानात फक्त हे एकच का आणलं, बाकीच्या दोनांना कुठल्याच सराफानं हात लावला नसता. आणि स्टार आहे म्हणजे १९१५ साल संपायच्या आत तो युद्धात उतरला होता, कारण तो स्टार त्यानंतर गेलेल्यांना मिळतच नव्हता. कार्डावर फ्रान्स लिहिलेलं आहे आणि तारीख १९१५ ची.

आता १९१५ ला फ्रान्स म्हणजे बहुधा कनॉट रेंजर्सची पहिली बटालियन, आणि ती १९१४ ला आपल्याकडंच होती, पंजाबात फिरोजपूरला, तिथनं लाहोर डिव्हिजनबरोबर फ्रान्सला गेली, आणि १९१६ च्या सुरुवातीला तिथनं उचलून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात टाकली. कशाला, तर कुतला अडकलेल्या फौजेला सोडवायला.

कुत हे नाव वाचून मी खुर्चीतनं उठले. कारण आमच्या आईचा आज्जा कुतला होता.

बेळगाव आणि खानापूर तालुक्यातल्या गावांना हे वेगळं सांगायला नको, प्रत्येक गल्लीत एक घर तरी मराठा पलटणीतलं असतंच. आईचं माहेर खानापूर तालुक्यात, आणि "आज्जा कुतच्या वेढ्यात घोड्याचं मटण खायला नको म्हणून उपाशी राहिलेला" ही गोष्ट आम्ही सगळ्या पोरांनी ऐकलेली. लहानपणी वाटायचं कुत म्हणजे कुठंतरी पुण्याच्या पलीकडं असेल. जनरल टाऊनशेंडच्या हाताखालची सहावी पुणे डिव्हिजन, तिच्यात १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी होत्या, ती टायग्रिस नदीच्या एका वळणावर कुत गावात ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत कोंडली गेली. जवळजवळ पाच महिने. शेवटी शेवटी तोफेचे घोडे आणि खेचरं कापून खायची वेळ आली, आपल्यातल्या पुष्कळ जणांनी ते तोंडात घातलं नाही, भाजी नाही, हिरड्यांतनं रक्त येऊन माणसं पडायला लागली. बाहेरनं सोडवायला येणारी फौज नदीच्या चिखलात पुराच्या पाण्यात तुर्कांच्या खंदकांवर पुन्हा पुन्हा धडकत राहिली, त्या फौजेतली २३ हजार माणसं मेली नाहीतर जखमी झाली, आणि तरीही त्यांना पोचता आलं नाही. आत उरलेल्या सुमारे १३ हजारांनी शस्त्रं खाली ठेवली. मग ते सगळे कैदी, वाळवंटातनं चालत, पुष्कळांना बगदाद रेल्वेच्या कामावर लावलं, आणि त्यातले किती परत आले नाहीत.

आईचा आज्जा आला. म्हणून आई आहे, म्हणून मी आहे.

आणि वडिलांकडच्या दुकानात जे मेडल पडून होतं ते त्याला सोडवायला निघालेल्या पलटणीतल्या पोराचं. हे मी आईला सांगितलं तेव्हा ती कणिक मळत होती, ती तशीच हात थांबवून बसली आणि म्हणाली, "म्हणजे तो आला होता की गं. पोचला नाही, खरं आला होता."

त्यानंतर माझ्या डोक्यातनं ते जाईना. मला त्याची पूर्ण फाइल पाहिजे होती, भरती कुठं झाला, उंची किती, गाव कुठलं, घरी कोण. आणि तिथं येऊन गाडी अडकली. कारण पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश शिपायांच्या फायली लंडनमधे वॉलवर्थ भागात आर्नसाइड स्ट्रीटवरच्या एका गोदामात ठेवलेल्या होत्या, त्याच्यावर सप्टेंबर १९४० मधे जर्मन बाँब पडला आणि अंदाजे साठ टक्के फायली जळून गेल्या. उरल्या त्या अर्धवट जळक्या, पाण्यानं फुगलेल्या, त्यांना अजून 'जळके कागद' असंच म्हणतात. मी त्यात शोधलं. नाही. पेन्शनच्या कागदांत शोधलं. नाही. बटालियनची युद्धडायरी मिळाली, ती रोज लिहिलेली असते, खरं त्यात नावं ऑफिसरांची, शिपाई म्हणजे नुसते 'अदर रँक्स', इतके मेले, इतके जखमी, इतके बेपत्ता. पाऊस, चिखल, नदी चढली, हे सगळं आहे. तो नाही.

चार-पाच महिने असेच गेले आणि मी सोडूनच दिलं होतं. आणि मग ज्या गोष्टीनं तिढा सुटला ती लंडनला नव्हती, आमच्याच माळ्यावर होती.

काकांना आठवलं की पणजोबांच्या वह्या आहेत. लाल कापडाच्या, लांबड्या, सुतळीनं बांधलेल्या, सगळं मोडी लिपीत. आमच्या घरात आता मोडी कुणाला येत नाही, त्यामुळं एका रिटायर्ड मास्तरांना विनंती केली, ते हौसेनं आले, तीन रविवार माझ्याबरोबर बसले आणि एकेक पान लावत गेले. जोडवी, साखळ्या, वाळे, देवाचे टाक, कोण आणून ठेवलं कोण सोडवून नेलं. सोडवून नेलं की ओळीवर आडवी रेघ. तिसऱ्या रविवारी दुपारी मास्तर थांबले आणि त्यांनी मोठ्यानं वाचलं, शके १८४५, श्रावण वद्य, कंपातील गोरा शिपाई, रुपे पावणेतीन तोळे, राजाचे चित्र, गहाण. त्या ओळीवर रेघ नाही. वर खाली सगळ्या ओळी कापलेल्या आणि ही एकटी मोकळी. मी उठून बाहेर गेले थोडा वेळ.

आता शके १८४५ मधे ७८ मिळवा, १९२३ येतं. श्रावण वद्य म्हणजे ऑगस्ट अखेर नाहीतर सप्टेंबर. हे नुसतं साल नव्हतं, याच्यातनं तीन गोष्टी एकदम उलगडल्या.

पहिली ही की १९२३ ला कनॉट रेंजर्स ही पलटणच राहिली नव्हती. आयर्लंड वेगळं झालं तेव्हा १९२२ ला दक्षिणेकडच्या सगळ्या जुन्या आयरिश पायदळ पलटणी मोडल्या, कनॉट रेंजर्स, रॉयल डब्लिन, रॉयल मन्स्टर, लीन्स्टर, रॉयल आयरिश, आणि त्यांचे झेंडे १२ जून १९२२ ला विंडसरच्या किल्ल्यात राजाच्या स्वाधीन केले. ज्यांना नोकरी सोडायची नव्हती ते दुसऱ्या पलटणीत गेले. म्हणजे हा गडी तसाच दुसऱ्या पलटणीत जाऊन बेळगावच्या कँपात पोचलेला असणार, छातीवरचं मेडल मात्र मोडलेल्या पलटणीच्या नावाचं. त्याच्या आधी दोनच वर्षं, जून १९२० ला, याच पहिल्या बटालियनमधल्या शिपायांनी जालंधरला बंदुका खाली ठेवल्या होत्या, आयर्लंडमधे सरकारी फौजा आमच्या लोकांवर अत्याचार करतायत आणि आम्ही त्याच सरकारची चाकरी करणार नाही म्हणून, आणि जेम्स डॅली नावाच्या शिपायाला २ नोव्हेंबर १९२० ला दगशाईच्या तुरुंगात गोळ्या घातल्या. शिक्षा झालेल्यांच्या यादीत माझा माणूस नाही, ते मी आधी बघितलं. त्या दिवसात त्याच्या मनात काय चाललं असेल, गावाकडनं येणारी पत्रं एक सांगतायत आणि अंगावरचा गणवेश दुसरं, ते मला सीमाभागात राहून अगदीच कळत नाही असं नाही.

दुसरी गोष्ट, तो शहापूरला का आला. कँपाजवळ सराफ होतेच की. खरं तेव्हा शहापूर सांगली संस्थानात आणि बेळगाव आणि कँप इंग्रजांकडं, एवढ्याशा अंतरात राज्य बदलायचं. आपल्या साहेबाच्या कानावर जाऊ नये असं ज्याला वाटतं तो शहापूरलाच येणार. हा माझा अंदाज, काकांना पण पटला.

आणि तिसरी, सगळ्यात मोठी. जो १९२३ ला अजून नोकरीत होता त्याची फाइल त्या आर्नसाइड स्ट्रीटच्या गोदामात नसणारच! १९२१ नंतरही सैन्यात राहिलेल्यांचे कागद वेगळे ठेवलेले, ब्रिटिश संरक्षण खात्याकडं, आणि आता गेल्या काही वर्षांपासून ते लाखोंनी क्यूला हलवतायत. म्हणजे मी पाच महिने जळलेल्या ढिगात ज्याला शोधत होते तो तिथं नव्हताच. हे मला पणजोबांच्या मोडीतल्या एका ओळीनं सांगितलं. अर्ज केलाय. वेळ लागतो. थांबलेय.

थांबलेल्या वेळात आयर्लंडच्या जनगणनेत शिरले, आणि हा भाग मला सगळ्यात जास्त लागला म्हणून सविस्तर लिहिते. आयर्लंडचं पण नशीब असं की १९ व्या शतकातली जवळजवळ सगळी जनगणना गेलेली, काही सरकारनंच नष्ट केली, काही ३० जून १९२२ ला डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं रेकॉर्ड ऑफिस उडालं त्यात. १९२२ च्या आधीच्या पूर्ण उरल्या दोनच, १९०१ आणि १९११, खरं त्या दोन्ही पूर्ण फुकट ऑनलाइन आहेत, आणि नुसते आकडे नाहीत तर तेव्हा हातानं भरलेले मूळ फॉर्म दिसतात. भिंती दगडाच्या का मातीच्या, छप्पर गवताचं का स्लेटचं, पुढच्या बाजूला खिडक्या किती. लग्नाला किती वर्षं झाली, किती पोरं जन्मली, त्यातली किती जिवंत. हा शेवटचा रकाना १९११ लाच आहे आणि तो वाचताना प्रत्येक वेळी पोटात काहीतरी होतं.

त्या नावाची, त्या वयाची पोरं पूर्ण आयर्लंडमधे मला तीनच मिळाली. एक बेलफास्टचा, एक कॉर्कचा, आणि एक काउंटी मेयोचा, म्हणजे बरोबर कनॉट रेंजर्सच्या भरतीच्या भागातला. हाच तो असं मी नव्वद टक्के धरून चाललेय, खरं फायलीत जन्मगाव येईपर्यंत शिक्कामोर्तब नाही, आणि तुम्ही पण असं काही शोधत असाल तर नाव जुळलं म्हणून लगेच उड्या मारू नका, आधी वय, भाग, पलटण सगळं जुळवा.

मेयोच्या त्या घरात १९११ ला पोरगा पंधरा वर्षाचा. गवताचं छप्पर, दोन खोल्या. बाप १९०१ ला अठ्ठेचाळीस वर्षाचा आणि १९११ ला चक्क त्रेसष्टचा, दहा वर्षांत पंधरा वर्षं वाढला. आधी वाटलं घर चुकलं. मग कळलं, १९०९ पासून तिथं सत्तरीच्या वरच्यांना म्हातारपणाची पेन्शन चालू झाली, आणि जन्मनोंदणी १८६४ च्या आधी नव्हतीच, त्यामुळं गावोगाव माणसं एकदम म्हातारी झाली. आपल्याकडं शाळेत घालताना मास्तरांनी सगळ्यांचा जन्म १ जून लिहिला, आमच्या काकांचा पण, तसंच हे. गरिबाच्या कागदावरची तारीख कागदाच्या सोयीची असते.

आणि मग शेवटचे रकाने. त्यात एक आहे, आयरिश भाषा. बापापुढं लिहिलंय आयरिश आणि इंग्रजी. आईपुढं आयरिश आणि इंग्रजी. पोरांपुढं रकाना कोरा, कारण ज्याला फक्त इंग्रजी येतं त्याच्यापुढं काही लिहायचंच नाही असा नियम होता. एका घरात, एका चुलीपुढं, आईबापांची भाषा आणि तिच्याखाली सात रिकामे चौकोन.

ते पान मी किती वेळ बघत बसले मला माहीत नाही. आपण बेळगावची माणसं, भाषेच्या रकान्यावर आमच्या तीन पिढ्या गेल्या, कुठल्या गावात किती मराठी बोलणारे यावर कमिशनं बसली, नकाशे झाले, मोर्चे झाले. आमच्या शेताचा उतारा कानडीत, त्यात आडनाव एका अक्षरानं चुकलेलं, ते दुरुस्त करायला बाबांनी एका ऑफिसात किती हेलपाटे घातले ते मी बघितलंय. नावाचं स्पेलिंग म्हणजे किरकोळ गोष्ट असं ज्याला वाटतं त्याला ते नाव कधी कुणी बदललेलं नसतं. आयर्लंडमधे पण तेच, आडनावापुढचा ओ कधी आहे कधी गायब, क्वीन्सटाउनचं कोव्ह झालं, किंग्सटाउनचं डून लेरे झालं, शोधताना दोन्ही नावं टाकून बघावी लागतात. आणि तिकडचा कुणी आपल्याकडचं शोधत असेल तर त्याला सांगायला पाहिजे की जुन्या कागदात बेलगाम म्हणूनच शोध, बेळगावी हे नाव सरकारी कागदावर १ नोव्हेंबर २०१४ पासूनचं. त्या तारखेला आमच्याकडं काळा दिवस पाळतात ते सीमाभागातल्या वाचकाला सांगायला नको.

मेडलचं काय करायचं हे घरात बोललो. घरचं कुणी सापडलं तर परत द्यायचं यावर सगळ्यांचं एकमत, खरं नुसतं पोस्टात टाकून चालत नाही, शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू देशाबाहेर न्यायला १९७२ च्या कायद्यानं बंदी आहे, आधी पुरातत्त्व खात्याला विचारावं लागेल. तोवर डबी काकांकडंच. काका म्हणतात व्याज वगैरे काही नको, त्याच्या घरच्या कुणीतरी येऊन वहीत त्या ओळीपुढं सोडवलं म्हणून सही करावी, मग ते स्वतः रेघ मारतील.

आणि मी मधेच एकदा आईला विचारलं, तुझ्या आज्जाला पण असलंच चांदीचं मेडल मिळालं असणार, ते कुठं आहे. आईनं सांगितलं, तिच्या आज्जीच्या पायातल्या साखळ्या त्याच्याच केल्या होत्या. लग्नात दुसरं काय घालायला नव्हतं म्हणून. म्हणजे त्याचा नंबर कुठल्यातरी मुशीत गेला, कदाचित आमच्याच. परक्या पोराचं आम्ही शंभर वर्षं कापसात ठेवलं आणि आपल्या माणसाचं नाव माहीत, गाव माहीत, पण १०३ का ११० का ११७, ते सुद्धा घरात कुणाला सांगता येत नाही. तो जिवंत परतला म्हणून मेलेल्यांच्या यादीत नाही. आणि जे मेले त्यांचं तरी काय, बसराच्या स्मारकावर ब्रिटिश शिपायांची नावं कोरली, आपल्याकडच्या ऑफिसरांची कोरली, आणि साध्या हिंदुस्थानी शिपायांचा पलटणीखाली नुसता आकडा घातला. हे असली स्मारकं आणि युद्धातल्या कबरी सांभाळणाऱ्या वॉर ग्रेव्हज कमिशननं स्वतः २०२१ ला एका अहवालात मान्य केलंय.

त्यामुळं आता हे पण काम घेतलंय. तुमच्यापैकी कुणाच्या घरी मेसोपोटेमियाला गेलेल्या माणसाचा डिस्चार्जचा कागद, पेन्शनचं बुक, पलटणीतला फोटो, काहीही असलं, फाटकं असलं तरी, आधी मोबाइलवर दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवा आणि मला कळवा. खानापूरच्या मामांना फोन केला होता, ते म्हणाले माळ्यावर आज्जाची लोखंडी ट्रंक आहे, वर उंदरांनी खाल्लंय खरं तळाशी कागद आहेत, आणि एक पितळेचा बिल्ला पण. आम्ही येईपर्यंत कुणी पुसू नका, घासू नका म्हणून सांगितलंय. रविवारी आई आणि मी सकाळच्या बसनं जातोय. भिंग घेतलंय.